अधूनमधून गळणारी पॅकेट्स

घरगुती इंटरनेटच्या दोषांमध्ये अधूनमधून पॅकेट्स गळण्याचा दोष सर्वांत चिवट असतो. जोडणी पूर्ण बंद पडली तर लाल दिवा लागतो, तक्रार नोंदवता येते, माणूस येतो आणि काम होते. शंभरातली दोन-चार पॅकेट्स वाटेत हरवत असतील, आणि तीही ठरावीक वेळीच, तर दिवे हिरवे राहतात, स्पीड टेस्टचा आकडा चांगला येतो आणि तक्रार करणाराच खोटा ठरतो.

याचे कारण माहिती पोचवण्याच्या पद्धतीत आहे. इंटरनेटवरचा मजकूर छोट्या तुकड्यांत, म्हणजेच पॅकेट्समध्ये, जातो. इथरनेटवर असा एक तुकडा जास्तीत जास्त 1500 बाइटचा असतो. एखादा तुकडा हरवला तर पोचवण्याचे नियम सांभाळणारा टीसीपी तो पुन्हा मागवून घेतो, म्हणून बातम्यांचे पान उशिरा का होईना पूर्ण उघडते. व्हिडिओ कॉलला तेवढी सवड नसते. आवाजाचा हरवलेला तुकडा अर्ध्या सेकंदाने येऊन उपयोग नाही, म्हणून तो सोडून दिला जातो आणि समोरच्याचे वाक्य मध्येच तुटते. शिवाय पॅकेट हरवले की वाटेत गर्दी झाली, असे टीसीपी धरून चालतो आणि वेग कमी करतो. ही सवय त्याला लागली ती 1986 सालच्या अनुभवातून. त्या वर्षी अमेरिकेत बर्कलेमधल्या दोन शेजारच्या संस्थांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला होता, आणि त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी गर्दी आवरण्याची पद्धत बसवली. तार ढिली असली काय आणि गर्दी असली काय, टीसीपीच्या लेखी दोन्ही सारखेच.

पुढचे विवेचन वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव इथल्या एका घरच्या, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्याच, फायबर जोडणीवर आधारलेले आहे. हे अकोला–वाशीम रस्त्यावरचे मालेगाव. तक्रार केंद्रावर फोन लावला की पहिली काही मिनिटे हे नाशिक जिल्ह्यातले मालेगाव नव्हे, एवढे पटवण्यातच जातात. एप्रिल-मे महिन्यांत तिथे दोन वेळा नेट अडकायचे: दुपार कलून वारा सुटला की, आणि पुन्हा रात्री आठनंतर. सकाळी मात्र सारे सुरळीत. घरातून एकाचे ऑफिसचे काम आणि एकीचे ऑनलाइन क्लास चालत असल्याने त्रास लगेच जाणवत होता.

अशा दोषाचा माग काढण्याचे मुख्य हत्यार म्हणजे पिंग. माइक मूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये लिहिलेला हा लहानसा प्रोग्रॅम समोरच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ किती वेळात आली ते सांगतो. विंडोजवर तो न सांगता चारच पॅकेट्स पाठवून थांबतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. शंभरातली दोन पॅकेट्स गळत असतील तर चारही सुखरूप परत येण्याची शक्यता 92 टक्के असते. म्हणजे दोष असूनही जवळजवळ प्रत्येक वेळी जोडणी ठणठणीत दिसते. म्हणून पिंग सेकंदाला एक या गतीने तासन् तास चालू ठेवावा लागतो आणि प्रत्येक ओळीपुढे घड्याळाची वेळ नोंदली जाईल अशी व्यवस्था करावी लागते. खरा पुरावा वेळेच्या नोंदीत असतो. एकूण किती टक्के गळाले यापेक्षा कधी गळाले आणि सलग किती गळाले, हे जास्त बोलके असते.

दुसरी गोष्ट वाटेचे टप्पे पाडण्याची. एकाच वेळी तीन खिडक्या उघडून एकीत घरच्या राउटरला, दुसरीत कंपनीच्या पहिल्या यंत्राला आणि तिसरीत बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्याला, उदाहरणार्थ 8.8.8.8 ला, पिंग लावायचा. राउटरपर्यंतच पॅकेट्स गळत असतील तर दोष घरात आहे. राउटर स्वच्छ आणि पुढच्या दोन्ही खिडक्यांत एकाच क्षणी गळती असेल तर दोष घर आणि कंपनीचे केंद्र यांच्यामध्ये आहे. फक्त तिसऱ्या खिडकीत गळती असेल तर ती त्याहून पुढची. ही तपासणी करताना घरातले फोटोंचे बॅकअप, सिनेमांचे डाउनलोड बंद ठेवावेत, नाहीतर भरलेल्या लाइनमुळे होणारी गळती मूळ दोषात मिसळते.

वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारे ट्रेसराउट किंवा एमटीआर हे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची एक चूक नेहमीची आहे. मधल्या एखाद्या टप्प्यापुढे 40 टक्के गळती दिसते आणि तिथेच बोट ठेवले जाते. प्रत्यक्षात मोठी राउटर यंत्रे स्वतःला मारलेल्या हाकांना मोजकीच उत्तरे देतात. दुसऱ्यांची पॅकेट्स पुढे ढकलणे हे त्यांचे खरे काम असते. शेवटच्या टप्प्यावर गळती नसेल तर मधल्या आकड्याला काडीची किंमत नाही. ती मधूनच सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली तरच तिचा विचार करायचा.

मालेगावच्या नोंदींत दोन वेगळे दोष एकमेकांत गुंतलेले निघाले. रात्रीची गळती पहिल्याच खिडकीत, राउटरपर्यंतच्या टप्प्यात दिसत होती, आणि लॅपटॉपला केबल लावली की नाहीशी होत होती. म्हणजे वायफाय. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच: 1, 6 आणि 11. जेवणे आटोपून सारी गल्ली मोबाइल घेऊन बसली की आजूबाजूचे राउटर त्याच तीन चॅनेलांवर गर्दी करतात. कामाचा लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर नेला आणि राउटर लोखंडी कपाटामागून काढून भिंतीवर उंच बसवला, तेवढ्यावर रात्रीचा प्रश्न मिटला.

दुपारची गळती केबल लावूनही तशीच राहिली. पहिला संशय विजेवर गेला, कारण वऱ्हाडात कुठल्याही बिघाडाचा पहिला संशय विजेवरच जातो. व्होल्टेज खाली आले की स्वस्त अ‍ॅडाप्टर राउटरला पुरेसे 12 व्होल्ट देऊ शकत नाही आणि राउटर मधेच बसतो. राउटर इन्व्हर्टरवर घेऊन आणि अ‍ॅडाप्टर बदलूनही नोंदींत फरक पडला नाही. राउटर किती वेळ सलग चालू आहे हे त्याच्या पानावर दिसते. तो आकडाही तुटलेला नव्हता. म्हणजे वीज संशयातून सुटली.

राहिली काचेची तार. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरने अनेक घरांत वाटला जातो. स्प्लिटरवर प्रकाश विभागला जातो आणि प्रत्येक सांध्यावर थोडा वाया जातो. घरच्या यंत्राला किती प्रकाश मिळतो ते डीबीएममध्ये मोजतात. हा आकडा ऋण असतो, आणि तो 3 ने खाली गेला की प्रकाश निम्मा झाला असे समजायचे. अशा वाटणीच्या जीपॉन नावाच्या पद्धतीतल्या नेहमीच्या यंत्रांना साधारण उणे 27 पर्यंत प्रकाश वाचता येतो, त्याखाली चुका वाढतात. हा आकडा बहुतेक यंत्रांच्या माहितीपानावर पाहता येतो. सकाळी तो उणे 24 च्या आसपास स्थिर असे. दुपारी वारा सुटला की उणे 28 पर्यंत जाऊन पुन्हा वर येई, आणि पिंगमधली सलग गळती नेमक्या त्याच मिनिटांतली निघाली.

तक्रारीनंतर आलेला पोरगा पहिल्यांदा सकाळी आला. यंत्राकडे पाहून म्हणाला, "लाइट तं हिरवीच हाये न भाऊ, लाइनमंदी काई नाई." हिरवा दिवा केंद्राशी संधान जुळल्याचे सांगतो, पॅकेट्स गळत नाहीत असे नव्हे. त्याला नोंदींचा कागद दाखवून दुपारी पुन्हा बोलावल्यावर त्याने पॉवर मीटर लावला, शिडी खांबाला टेकवली आणि वरचा डबा उघडला. झाकणाची कडी तुटलेली, आत बोटभर काळी धूळ आणि मुंग्यांचे घर. घराकडे येणारी केबल प्लास्टिकच्या पट्टीने डब्याबाहेर बांधायला हवी. ती पट्टी उन्हाने ठिसूळ होऊन तुटली होती, आणि केबलचा सारा हेलकावा आतल्या कनेक्टरवर येत होता. त्याने केबल दोन बोटांनी हलवली; खाली मीटरवरचा आकडा चार अंकांनी कोसळला. "आता सापडलं जी," म्हणाला, आणि त्या एका हालचालीने इतक्या दिवसांचा वाद संपला.

तो कनेक्टर मशीनविना बसवायच्या जातीचा होता. अशा कनेक्टरमध्ये तंतूचे टोक दाबून धरलेले असते, वितळवून जोडलेले नसते. तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, त्यामुळे टोक केसभरही नव्हे, केसाच्या काही भागाइतके सरकले तरी प्रकाश सांडतो. पोराने कनेक्टर कापून टाकला. तंतूवरचे आवरण सोलले, टोक अल्कोहोलच्या कागदाने पुसले, क्लीव्हरने काटकोनात कापले आणि कनेक्टर आधीच बसवलेल्या तुकड्यासोबत, म्हणजे पिगटेलसोबत, स्प्लाइसिंग मशीनमध्ये ठेवले. पडद्यावर दोन राखाडी दांडे समोरासमोर आले, क्षणभर ठिणगी पडली आणि सांधा दिसेनासा झाला. वर नळी बसवून ती तापवली, केबल नव्या पट्टीने खांबाला बांधली आणि डब्यात शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी आत न ओघळता खालीच ठिबकेल. आकडा उणे 21 वर आला आणि मृगाच्या वादळी वाऱ्यातही जागचा हलला नाही.

तक्रार लेखी करताना वेळ घातलेली पिंगची नोंद, केबल लावून तपासल्याचा उल्लेख आणि डीबीएमचे दोन आकडे, एक शांत वेळेचा आणि एक गळतीच्या वेळेचा, एवढे जोडले की "राउटर बंद करून चालू करा" हा ठरलेला सल्ला टळतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2006 सालच्या ब्रॉडबँड सेवा-गुणवत्ता नियमांनी पॅकेट गळतीची मर्यादा 1 टक्क्याच्या आत ठरवली होती. नोंदीतला आकडा त्याहून जास्त असेल तर तो तक्रारीत स्पष्ट लिहावा. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, त्यासाठी तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

पावसाळ्यात तालुक्याची वीज बराच वेळ गेली की मालेगावची ही जोडणी अजूनही पडते. तेव्हा प्रकाशाचा आकडा नीट असतो, राउटरही चालू असतो, आणि कंपनीच्या पहिल्या यंत्रापासून पुढे सारे एकदम बंद होते. असा दोष केंद्राच्या पलीकडच्या यंत्रांच्या विजेकडे बोट दाखवतो. त्याला घरातून उपाय नाही. तेवढा वेळ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढावा लागतो.