तुटायलाच ठेवलेला बोल्ट

2025 ची भाऊबीज झाली तरी मी गावातच होतो. गाव म्हणजे उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. ऑफिसमध्ये हे नाव सांगितलं की लोक 'कुठे आलं बुवा हे?' असं विचारतात. असो.

त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने धुमाकूळ घातला होता. शेजारचा ओढा आमच्या रानातून वाहिला आणि सोयाबीन गेलं. आता सगळी भिस्त हरभऱ्यावर. पण काळ्या रानाला वाफसा काही येईना. वाफसा म्हणजे माती पायाला चिकटत नाही आणि वाळून कडकही झालेली नसते, अशी ओल. ती टिकते जेमतेम दोन-चार दिवस. शनिवारी एकदाचा वाफसा आला, आणि सोबत आभाळही भरून आलं! रविवारी पेरायचं, तर शनिवारीच रोटा मारून व्हायला हवा.

दादा (माझा चुलत भाऊ) बियाणं आणायला गेवराईला गेला होता. ट्रॅक्टर मी घेतला. कॉलेजात असताना शिकलो होतो, जमतं की!

अर्धं रान झालं आणि खट्ट! इंजिन चालू, पण रोटाव्हेटर गप्प. उतरून बघितलं तर ट्रॅक्टरची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टचा शिअर बोल्ट तुटलेला. पेटीत एक जादा होता, तो बसवला. दोन तासं मारली, परत खट्ट!

आता दोनदा तोच पार्ट गेला म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बोल्टच हलका आहे, रूट कॉज सापडला! मोटरसायकल काढली, गावातल्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "याच मापाचा, पण सगळ्यात दणकट द्या." मिळाला. डोक्यावर 10.9 असा आकडा. जुन्यावर 8.8 होता. हे आकडे बोल्टच्या ताकदीचे असतात आणि मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, एवढं मला माहीत होतं. विजयी मुद्रेने परत आलो.

तोवर दादा पोचला होता. बोल्ट हातात घेऊन त्याने विचारलं, "ह्यो तुटणार न्हाई. मग काय तुटंल?"

मी गप्प.

शिअर बोल्ट मुद्दामच कच्चा ठेवलेला असतो. पात्यांना काही अडकलं की आधी तो तुटतो आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. म्हणजे घरातला फ्यूजच तो. आणि मी तिथे जाड तार लावायला निघालो होतो! गिअरबॉक्स फुटला असता तर दुरुस्तीला किती दिवस गेले असते कोण जाणे. तोवर वाफसा थोडाच थांबतो?

"दोन्ही बारीला कुठं तुटला?" दादाने विचारलं. हे मी बघितलंच नव्हतं. दोन्ही वेळा ओढ्याच्याच कडेला, पाच-सात पावलांच्या अंतरात. दादाने इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली ("खाली हात घालायच्या आधी चावी खिशात, कायम"), आणि आम्ही टिकाव घेऊन उकरायला लागलो. पुराने आणून टाकलेले दगड वीतभर मातीखाली गाडले गेले होते. एकेक काढून बांधावर टाकले. मग आधीच्याच जातीचा बोल्ट आणून बसवला.

अंधार पडला तेव्हा हेडलाइटच्या उजेडात शेवटचं तास चाललं होतं. रविवारी दुपारपर्यंत हरभरा पेरून झाला आणि संध्याकाळी पाऊस आला, सुदैवाने भुरभुरच.

सोमवारी ऑफिसात एका मॉड्यूलमध्ये सारखा एरर येत होता. सहकाऱ्याने सुचवलं, 'ट्राय-कॅच टाकून गिळून टाकू ना!' मीही हे शंभरदा केलंय. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "मग काय तुटेल?"

तो दणकट बोल्ट अजून माझ्या टेबलावर आहे. पेपरवेट म्हणून उत्तम चालतो.