शिक्का पुसण्याचा कागद

गेल्या गणेशोत्सवात आमच्या लखनौच्या मंडळात एका तरुण अधिकाऱ्याने मला विचारले, "काका, परदेशी चित्रपट पाहावे म्हणतो, पण आरंभ कोठून करू?" त्याची बदली नवीनच झालेली, बिऱ्हाड अजून नागपुरातच, आणि संध्याकाळ खायला उठणारी. अशा माणसाच्या हाती शंभर नावांची यादी देण्यात अर्थ नसतो. मी त्याला एकच नाव सांगितले : अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा 'इकिरू'. 'जगणे' हा त्या जपानी शब्दाचा अर्थ. कुरोसावा म्हटले की रसिकांना 'राशोमोन' किंवा 'सेव्हन सामुराई' आठवतात. परंतु सरकारी खुर्चीत बसणाऱ्याने 'इकिरू' आधी पाहावा, असा माझा आग्रह आहे.

वातानाबे हा नगरपालिकेतील एका विभागाचा प्रमुख. नोकरीला तीस वर्षे होत आलेली, आणि त्यांत एका दिवसाचाही खाडा नाही. त्याच्या कचेरीत काही स्त्रिया अर्ज घेऊन येतात : वस्तीतले सांडपाण्याचे डबके बुजवावे आणि तेथे मुलांसाठी बाग करावी. या खिडकीवरून त्या खिडकीवर धाडल्या जात जात त्या शेवटी पहिल्याच खिडकीशी येऊन पोहोचतात. प्रेक्षक हसतात, आपण मात्र जरा सावरून बसतो. मला सर्वांत झोंबला तो एक अगदी लहान प्रसंग. वातानाबे खण उघडतो. आत एक जुने बाड आहे. कचेरीची कार्यक्षमता कशी वाढवावी याची योजना, त्यानेच तरुणपणी लिहिलेली. तो तिचे एक पान फाडतो, त्याने आपला शिक्का पुसतो, आणि पुन्हा कागदांवर उठवू लागतो.

पुढे त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते, आणि उरलेले महिने तो त्या बागेसाठी वेचतो. ताकाशी शिमुरा यांनी हा मनुष्य असा उभा केला आहे की त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहूनच गलबलून येते. पण कुरोसावांची खरी करामत निराळीच. चित्रपट पुष्कळ उरला असतानाच नायक मरतो, आणि बागेची हकीकत आपण ऐकतो ती त्याच्या मृत्यूनंतर जमलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडून. मद्याच्या भरात ते सारे शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज येतो, आणि तो पुन्हा दुसऱ्या विभागाकडे धाडला जातो. किमुरा नावाचा एकटा कारकून ताडकन उठतो. क्षणभर उभा राहतो. आणि खाली बसतो.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला त्याला वीस वर्षे झाली असतील. तेव्हा दुसऱ्या एका राज्यात माझी नेमणूक होती. माझ्या मेजावर एका खेड्यातील शाळेचा नळासाठी केलेला अर्ज पडून होता. त्यावर मी तीन वेळा 'चर्चा करावी' असा शेरा मारला होता. चर्चेला कोणी आले नाही, मीही कोणाला बोलावले नाही. चित्रपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती फाईल मी स्वतः काढली, जागेवर गेलो, मंजुरी मिळवली. काम सुरू व्हायच्या आत माझी बदली झाली.

असो. 'इकिरू'नंतर ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) पाहावा. म्हातारे आईबाप दूरच्या गावाहून मुलांकडे येतात. मुलांना वेळ नसतो. त्यांना शहर दाखविण्यासाठी रजा काढते ती विधवा सून. आईवडिलांना गावी ठेवून परप्रांती राहणाऱ्या आम्हां मंडळींना याहून अधिक सांगावयास नको. डी सिका यांचा 'उम्बेर्तो डी' (१९५२) हा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एका सरकारी नोकराचा आणि त्याच्या कुत्र्याचा. नायकाची भूमिका करणारे गृहस्थ नट नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्ती जवळ आलेल्यांनी मात्र तो एकट्याने पाहू नये! 'इकिरू'चा 'लिव्हिंग' हा इंग्रजी अवतार २०२२ साली निघाला. तो नेटका आहे. पण मूळ आधी.

दिवाळीच्या सुमारास तो तरुण पुन्हा भेटला. चित्रपट पाहिला म्हणाला, आणि बराच वेळ किमुराबद्दलच बोलत राहिला. मीही भरात येऊन त्याला नळाची गोष्ट सांगितली.

"मग पाणी आले का, काका?" त्याने सहज विचारले.

माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला मी एक पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही, आणि दुसरे पत्र मी लिहिले नाही. ते खेडे येथून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे.