गाविलगडाचा बेत

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यानें सोसला आहे, त्यास चिखलदऱ्याचें माहात्म्य निराळें सांगावयास नको. अमरावतीकर मित्र व आम्ही अकोलेकर, सारे साठी उलटलेले, परतवाड्यास एकत्र होऊन घाट चढणार आहों. पूर्वीं मूर्तिजापुराहून अचलपुरास ‘शकुंतला’ जात असे. ती बंद पडल्यामुळें आतां सर्व भिस्त मोटारीवर.

वाद आहे तो गडाविषयीं. कित्येकांचें म्हणणें, गुडघे आधींच कुरकुरतात, तेव्हां भीमकुंड पाहून परतावें. कीचकास मारून भीमानें तेथें हात धुतले, अशी लोककथा आहे. विराटपर्वांत हा वध नृत्यशाळेंत झाला आहे, दरीचें नांवही नाहीं. पण कथेनें एवढी मुभा घेतली तर बिघडलें कोठें?

गड मात्र सोडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. १४२५ सालीं अहमदशहा बहामनीनें बांधलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजीं वेलस्लीच्या फौजेनें घेतला, आणि दोनच दिवसांनीं देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील बहुतेक मुलूख सोडावा लागला. आपल्या वऱ्हाडचें दैव जेथें फिरलें, ती तटबंदी डोळ्यांनीं पाहिल्यावांचून परतावयाचें कसें?

पावसांत दगड निसरडे होतात, म्हणून मार्गशीर्ष धरला आहे. ज्यांस चढवणार नाहीं त्यांनीं दरवाज्यापाशीं बसावें. फराळाचा डबा त्यांजकडेच राहील.