चाकाचे माप

महाडच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलाने स्वतःच्या कमाईतून जुनी मोटार घेतली आणि तिला सतरा इंची अलॉय चाके बसवण्याचा ध्यास घेतला. वडिलांचा विरोध खर्चाला होता. आजोबांनी मात्र मूळ टायरवरचे आकडे तेवढे विचारले : 185/65 आर 15.

रुंदी 185 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंचांची. वहीच्या मागच्या पानावर पूर्ण व्यास निघाला सुमारे 621 मिलिमीटर. मुलाने पसंत केलेल्या 205/55 आर 17 चा भरला 657. गाडीचा काटा चाकाच्या फेऱ्यांवरून वेग सांगतो. तो आज अचूक धरला, तर नव्या चाकांवर 80 दाखवताना गाडी 84 च्या पुढे धावणार. ज्या दुकानातील वजने मुदतीने पडताळून शिक्का मारून आणली जातात, त्या घरात अशी खोटी मोजणी कशी खपावी!

पावसाळ्यात गाडी उंच राहील, असे मुलाने सुचवून पाहिले. पण उंची वाढते व्यासाच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे 18 मिलिमीटर. जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या त्या घरात हा आकडा ऐकून मुलगा स्वतःच हसला.

मग त्याने 205/45 आर 17 काढले. व्यास जवळपास जुळला, पण 120 मिलिमीटरची रबरी भिंत 92 वर आली. खड्ड्याचा दणका आधी ती भिंत सोसते. ती उथळ झाली की घाव रिमवर येतो. महाड-पोलादपूर रस्ता रोजचा, आणि पुढे आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचे तर मागे आजी बसलेली. तेथील वळणांवर स्टिअरिंग पूर्ण फिरवताना रुंद टायर मडगार्डच्या आतून घासण्याचीही धास्ती.

शेवटी ठरले 195/55 आर 16. व्यास मूळचाच, भिंत 107. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी हाच आकार देते, हेही पाहून घेतले. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

खर्चाला नाके मुरडणाऱ्या वडिलांनीच जुन्या चार चाकांना पोलादपुरात गिऱ्हाईक मिळवून दिले. पाचवे डिकीत राहिले.