रुळांच्या उत्तरेला

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या सुपेल्यात रविवारचा बाजार भरला की ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेनं धड चालता येत नाही. ताडपत्र्यांवर कपड्यांचे ढीग, स्टीलची भांडी, पोळपाट-लाटणी, भाजीचे वाटे. घासाघीस चालते हिंदीत, छत्तीसगढीत, मध्येच तेलुगूत नाहीतर भोजपुरीत. आणि कान दिला तर ‘काहून बाप्पा, एवढं महाग?’ असा भंडाऱ्याकडचा सूरही लागतो.

मुंबई-हावडा रेल्वेमार्गानं भिलाईचे दोन भाग पाडले आहेत. रुळांच्या दक्षिणेला पोलाद कारखान्याची वसाहत. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, एकासारखी एक क्वार्टर्स. उत्तरेला सुपेला. वसाहतीच्या नकाशात सुपेल्याला सेक्टरचा आकडा मिळाला नाही. पण सेक्टरातल्या माणसाला खरेदीला यायचं तर सुपेल्यातच, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून घर बांधायचं तर बहुतेकांना ते रुळांच्या याच बाजूला. कित्येक वर्षं मधे रेल्वेचं फाटक होतं. गाडी येईपर्यंत दोन्हीकडचे लोक सायकली, स्कूटरी धरून ताटकळत. आता तिथं अंडरब्रिज आहे.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. क्षमता ठरली होती वर्षाला दहा लाख टन. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचं, चुनखडी नंदिनीची, पाणी तांदुळा धरणाच्या कालव्याचं. माणसं मात्र साऱ्या देशातून आली. आंध्रातून, केरळातून, बंगालमधून, पंजाबमधून, बिहारमधून. नागपूर-भंडाऱ्याकडचे लोक तर घरच्यासारखेच आले. भोसल्यांच्या काळापासून हा मुलूख नागपूरशी जोडलेला होता, आणि करार झाला तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानीही नागपूरच होती.

ज्यांच्या धानाच्या बांध्या गेल्या, त्यांच्या मनात सुरुवातीला कारखान्याची धास्ती होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९०च्या दशकापासून भिलाईत राहून जे ऐकलं, त्यात एक अफवा आहे. एवढं मोठं बांधकाम नरबळी घेतल्याशिवाय उभं राहत नाही, भट्टीला माणूस द्यावा लागतो, म्हणून पोरांना सांभाळा. शिकलेल्या माणसाला हे अडाणीपणाचं वाटेल. पण ज्याचं शेत, तळं आणि गावदेवीचं ठाणं एकदम जातं, त्याला झालेलं नुकसान सांगायला भरपाईच्या कागदावर रकाना नसतो. ते त्यानं नरबळीच्या भाषेत सांगितलं. आणि पुढच्या काळात भट्ट्यांनी, वायुगळतींनी माणसं घेतलीच. जून २०१४मध्ये विषारी वायूनं सहा जणांचा जीव गेला. ऑक्टोबर २०१८मध्ये वायुवाहिनीच्या आगीत त्याहून अधिक माणसं गेली.

तरी भिलाईनं एक मोठी गोष्ट केली, ती नाकारणं अन्यायाचं होईल. कारखान्यातल्या टोळीत मल्याळी, सतनामी, ब्राह्मण, शीख, बौद्ध असे सगळे एका पाळीत असत. वितळलेल्या लोखंडाजवळ उभं असताना शेजाऱ्याच्या हातावर आपला जीव असतो, तिथं जात विचारून भागत नाही. पॅरी यांनी दोन्हीकडं पाहिलं. खाजगी कारखान्यांत टोळ्या पुष्कळदा एकाच मुलखाच्या, एकाच नात्यागोत्याच्या. सरकारी पोलादात मात्र मिसळलेल्या, डबा वाटून खाणाऱ्या. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ‘कोक ओव्हनमध्ये आहे’, ‘रेल मिलमध्ये आहे’ असं उत्तर देता येणं ही त्या पिढीची कमाई होती. देशभर धावणाऱ्या गाड्यांखाली आपल्या हातचे रूळ आहेत, हा अभिमान सुपेल्यातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आजही येतो.

ही ओळख पगारपत्रकावर नाव असलेल्यांची होती. कायम कामगाराला क्वार्टर, दवाखाना, मुलांना शाळा. त्याच भट्टीजवळ, तीच धग सोसणाऱ्या ठेकेदाराच्या मजुराला यातलं फारसं काही नाही. पुढं कायम नोकऱ्या घटत गेल्या आणि ठेक्याचं काम वाढत गेलं. एकाच शहरात दोन जातींसारखे दोन कामगार तयार झाले.

हे ज्याला पटलं नाही, तो माणूस बंगालमधून आलेला होता. नाव धीरेश नियोगी. १९६०च्या दशकात तो भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होता. चळवळीपायी नोकरी गेली. मग तो गावोगाव हिंडला, दानीटोल्याच्या खाणीत मजूर म्हणून राबला, तिथल्याच आशा नावाच्या खाणकामगार मुलीशी लग्न केलं, छत्तीसगढी बोलू लागला आणि शंकर झाला. १९७७मध्ये दल्ली-राजहऱ्यात शंकर गुहा नियोगी यांनी ठेक्याच्या खाणकामगारांची संघटना बांधली. त्या संघटनेनं मजुरी मागितली, तशी दारूबंदीही चालवली. १९८३मध्ये मजुरांच्या श्रमातून आणि वर्गणीतून शहीद रुग्णालय उभं राहिलं. १८५७मध्ये रायपुरात फाशी गेलेले सोनाखानचे वीर नारायणसिंह लोकांच्या स्मरणात पुन्हा आणले तेही याच माणसानं. परप्रांतातून आलेल्यानं छत्तीसगढला त्याचा हुतात्मा परत मिळवून द्यावा, ही गोष्ट अस्मितेच्या नावानं गळे काढणाऱ्यांनी नीट पाहावी अशी आहे.

१९९०मध्ये ते भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी इथं आले. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे, झोपेत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ला, सुपेल्यापासून जवळच असलेल्या पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. किमान सोळा जण मेले. खुनाचा खटला २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला, तेव्हा शिक्षा उरली ती गोळी झाडणाऱ्या एकट्याला.

याच परिसरात, भिलाईच्या उत्तरेला गनियारी नावाचं गाव आहे. तिथल्या पारधी समाजातली एक मुलगी आजोबांच्या, ब्रिजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकत मोठी झाली. बाईनं पंडवानी, म्हणजे महाभारताचं कथागायन, करायचं तर बसून. उभं राहून, अंगविक्षेप करत गायची कापालिक शैली पुरुषांची. तीजनबाई उभ्या राहिल्या. समाजानं बाहेर काढलं. त्यांनी स्वतःच्या हातानं झोपडी उभी केली, शेजाऱ्यांकडून भांडी मागून चूल पेटवली आणि गाणं सोडलं नाही. तेराव्या वर्षी पहिला कार्यक्रम झाला, बिदागी दहा रुपये. त्यांच्या हातातला मोरपिसं लावलेला तंबुरा पाहण्यासारखा असे. बोलता बोलता तो खांद्यावर येई आणि भीमाची गदा होई, आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य. क्षणात पुन्हा तंबुरा, आणि रागी, म्हणजे साथीदार, ‘हव’ म्हणत साथ देई. नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यांना ऐकलं, मग जगानं ऐकलं. भिलाई पोलाद कारखान्यानं नोकरी दिली. १९८७मध्ये पद्मश्री, २००३मध्ये पद्मभूषण, २०१९मध्ये पद्मविभूषण. ज्या समाजानं बाहेर टाकलं, त्याचं नाव आज त्यांच्यामुळं लोकांच्या कानी पडतं.

भिलाईच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८मध्ये गजानन माधव मुक्तिबोध शिकवायला आले. घर मराठी, लेखन हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात मराठीचे कवी-कादंबरीकार. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन भाषांना आपलं सर्वस्व दिलं, आणि दोघांतला कोणीही घराला परका झाला नाही.

सुपेल्यातल्या मराठी घरांत हे रोजचंच आहे. पोळ्याला छत्तीसगढी शेजारीण ठेठरी-खुरमीचं ताट पाठवते, इकडून पुरणपोळी जाते. सणाआधी बाजारात चाकांचे मातीचे नंदिया बैल विकायला येतात. मुलांसाठी बैल आणि मुलींसाठी जातं-चूल अशी मातीची भातुकली. नागपूरकडच्या आजीला त्यात आपला तान्हा पोळा दिसतो, फक्त तिकडचे बैल लाकडी. नातवंडं तिच्याशी मराठीत बोलतात, आपसात हिंदीत भांडतात. कुणाला यात काही हरवल्यासारखं वाटत नाही. आजी गेल्यावर मात्र घरातलं मराठी बोलणं दोन-चार वाक्यांवर येतं, हेही खरं.

या घरांना आपण कुठले हा प्रश्न खऱ्या अर्थानं टोचतो तो तहसील कचेरीत. विदर्भातून आलेल्यांत बौद्ध आणि इतर अनुसूचित जातींची कुटुंबं पुष्कळ. मुलीला जातीचा दाखला हवा असतो. छत्तीसगढ सरकार म्हणतं, १० ऑगस्ट १९५०च्या आधीपासून तुमचं कुटुंब या राज्याच्या हद्दीत राहत होतं याचा पुरावा द्या, मिसल, म्हणजे जमिनीच्या जुन्या बंदोबस्ताचा कागद, दाखवा. तो नसतो. मग बाप रजा काढून भंडाऱ्याला जातो, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल बुकाची नक्कल शोधतो, आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली नोंद काढतो. तिकडचा दाखला मिळाला, तरी इथल्या राज्याच्या सवलतींना तो चालत नाही. १९९०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्थलांतरितांबाबत तसंच सांगितलं आहे.

एखाद्या आदिवासी राज्यात बाहेरच्यांनी येऊन स्थानिकांच्या जागा घेऊ नयेत, यासाठी ही अट आहे, आणि तो हेतू रास्तच आहे. पण भिलाईचा हिशेब निराळा. भंडाऱ्याचा मजूर १९५५मध्ये इथं आला तेव्हा त्यानं कुठलीही राज्यसीमा ओलांडली नव्हती. भंडारा आणि दुर्ग हे एकाच मध्य प्रदेशातले, शेजारशेजारचे जिल्हे होते. १ नोव्हेंबर १९५६ला त्यांच्यामधून सीमा गेली, २०००मध्ये त्याच तारखेला छत्तीसगढ झालं. तो माणूस जागचा हलला नाही. कारखान्याचा करारच १९५५चा, त्यामुळं बाहेरून या कारखान्यासाठी आलेल्या कुणाहीकडं १९५०चा इथला कागद असूच शकत नाही. ज्यांच्या तीन पिढ्या या भट्ट्यांसमोर राबल्या, त्यांच्या इथंच जन्मलेल्या नातवंडांसाठी ही तारीख सरकारनं पुन्हा तपासायला हवी, आणि ते काम रायपुरात बसलेल्यांना नुसत्या एका विधेयकानं नव्हे, दिल्लीशी बोलून करावं लागेल.