साल निघेल का?

आमच्या लहानपणी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात घरोघर एकच प्रश्न ऐकू यायचा : साल निघेल का? पाहुणा येऊन टेकला, गूळपाणी झालं, पावसाची चौकशी झाली, की पुढचा प्रश्न हाच. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप मुलाचं शिक्षण मागाहून विचारी. आधी घरात धान्याचं पेव आहे का आणि साल निघून काही उरतं का, ते बघून घेई. साल निघणं म्हणजे या सुगीपासून पुढच्या सुगीपर्यंत माणसांना भाकरी, बैलांना कडबा, बलुतेदारांना त्यांचं माप आणि पुढच्या पेरणीला बी. एवढं झालं की वर्ष पार पडलं. नफ्या-तोट्याची बेरीज पेठेतला दुकानदार करायचा. आमच्या घरात ती कुणी मांडलेली आठवत नाही.

सत्तरच्या दशकात चड्डी-परकरात वाढलेली आम्ही भावंडं, सख्खी, चुलत, आत्ये, मावस, सगळी ज्वारीवरच वाढलो. गहू सणाला, तांदूळ आजाऱ्याला आणि पाहुण्याला. एरवी तिन्हीत्रिकाळ मालदांडी. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात इथल्याच गावरान ज्वारीतून निवडून काढलेलं हे वाण. दाणा मोत्यासारखा, भाकरी पांढरीशुभ्र आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. थोरली काकू परातीत पीठ मळायला बसली की भाकरी तव्यावर फुगेपर्यंत कुणाशी बोलायची नाही, आणि आम्हीही तिला हटकायचो नाही.

पेरणी आठवते का? पावसाळाभर रान कुळवून कुळवून मोकळं ठेवायचं, त्यानं नुसतं पाणी पिऊन घ्यायचं. मग उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पाभर धरायची. पुढे पाऊस पडो न पडो, काळ्या मातीतली ओल आणि थंडीतलं दव यांवर पीक उभं राहायचं. बी घरचं : खळ्यावरच आमचे आप्पा टपोरी कणसं बाजूला काढत आणि चुलीवरच्या आढ्याला टांगत, धुरानं किडा लागत नसे. खत घरचं : उकिरड्यातलं. शिवाय रानात धनगराची मेंढरं बसवायची आणि त्याला ज्वारी मापून द्यायची. बैल घरचे, एखादा कमी पडला तर शेजाऱ्याशी वारंगुळा. नाडा, सोल, कासरा घरच्या अंबाडीचे, आप्पांनी ओसरीवर बसून वळलेले. फाळ बोथटला की लोहार पाजवून देई. गोणपाट फाटलं की दाभण आणि सुतळी. सुपाला भोक पडलं की कागद आणि मेथीचा लगदा. कणगीला चीर गेली की शेणमाती. पेरणीच्या दिवसांत घरातून रोख पैसा बाहेर जायचाच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे राखण. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पाखरं उठवायची, आणि पाखरांपेक्षा जास्त हुरडा आपणच खायचा, हे आम्हा पोरांचं काम. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, अख्खं घर रानात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील. मग माघ-फाल्गुनात काढणी. ज्वारी कापायची नाही, मुळासकट उपटायची; तळहाताला फोड यायचे आणि फुटायचे. मोडणीच्या बायकांची मजुरी कणसांतच मिळायची. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार, सगळे खळ्यावर येत, आणि रास पुजल्याशिवाय माप पडत नसे. मापारी पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणे, मग दोन, मग तीन. आम्ही पोरं श्वास रोखून मोजायचो. मोठी माणसं राशीकडे बघत मनातल्या मनात साल मोजायची.

आणि पेव. ज्यांच्या वाड्यात पेव होतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुरमाड जमिनीत खणलेला, तोंड अरुंद आणि पोट मोठं असा खड्डा. आतून कडब्याचं, भुसकटाचं अस्तर. वर दगड आणि चिखल. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. कंदील आत सोडून बघायचा. विझला तर पेव तसंच वाऱ्यावर ठेवायचं. त्या ज्वारीला एक आंबूस वास यायचा, नव्या सुनांना तो सोसत नसे, सवयीनं सोसे. पण चांगल्या पेवात ज्वारी तीन-तीन वर्षं टिकायची. भाव पडला की आप्पा पेव उघडतच नसत. थांबता येत होतं, आणि धान्य पिकवणाऱ्याची खरी ताकद त्या थांबण्यातच होती. त्या घरांना शेतीतला धोका पेलायचा तो असा : थोडा पेवात पुरलेला, थोडा कडब्याच्या गंजीत रचलेला, थोडा पाभरीच्या ओळीत ज्वारीबरोबर पेरलेल्या करडईत, आणि थोडा बलुतेदारांच्या मापात, कारण रास लहान झाली की त्यांचंही माप लहान व्हायचं.

हे सगळं सगळ्यांना मिळत होतं, असं मात्र नाही. ज्यांची कणगी उन्हाळ्यातच खरवडायची, ते आषाढात सवाईनं ज्वारी उचलत : मण न्यायची आणि सुगीला सव्वा मण परत करायची. कुठे दिडीनं. आमच्या आळीतल्या कितीतरी घरांचं साल असं दुसऱ्याच्या पेवातून निघायचं, आणि त्यांची रास खळ्यावरच अर्धी व्हायची. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात बादशहाची कोठारं उघडून लोकांना जगवणाऱ्या माणसाची कथा आम्ही कीर्तनात ऐकत वाढलो. कोठार भरलेलं असणं आणि ते वेळेवर उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मातीत लहानपणीच कळायचं.

1972 ला मात्र पेवंही रिकामी झाली. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं निसवलं नाही. ज्या घरांतून कधी कुणी मजुरीला गेलं नव्हतं त्या घरांतल्या बायाही दुष्काळी कामावर खडी फोडायला बसल्या. सुकडीची चव आणि रेशनवर आलेल्या त्या तांबड्या परदेशी मिलोची भाकरी आमच्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. त्या वर्षी साल निघेल का, असं कुणी विचारत नव्हतं. बैल राहतील का, एवढंच विचारायचे.

दुष्काळ ओसरला आणि रोख पैसा घरात शिरला. संकरित बी त्याआधीच आलं होतं, सीएसएच-1 हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण 1964 चं. पण ते खरिपातलं, आणि त्याची भाकरी आमच्याकडे कुणाला आवडली नाही. कडबाही आखूड. तरी हळूहळू बियाण्याची पिशवी आली, खताचं पोतं आलं, सोसायटीचं कर्ज आलं. घरचं एक-एक विकतचं होत गेलं. याच सुमाराला बाजाराचीही ओळख झाली. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे, आणि ज्याची ज्वारी तो समोर उभा राहून नुसता रुमाल बघायचा. हमाली, तोलाई, कडता वजा होऊन पट्टी हातात यायची. आप्पा ती पट्टी घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवत आणि घरी येईपर्यंत बोलत नसत. पुढे 1980 मध्ये चाकणला शरद जोशींचं कांद्याचं आंदोलन झालं आणि ‘पिकवायला काय खर्च आला’ हा हिशोब रस्त्यावर मांडला गेला, तेव्हा आमच्या ओसरीवरही पहिल्यांदा वही निघाली. घरच्यांची मजुरी त्या वहीत कुठे लिहायची, यावर चुलत्यांचा दोन संध्याकाळी वाद चालला होता.

तो वाद अजून मिटलेला नाही. सरकार हमीभाव ठरवताना बियाणं, खत, मजुरी धरतं, घरच्यांच्या राबण्याची मजुरीही धरतं, आणि त्याच्या दीडपट भाव देतो म्हणतं. पण जमिनीचा खंड आणि अडकून पडलेल्या पैशाचं व्याज त्या दीडपटीत धरलेलं नसतं. 2013-14 मध्ये मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 1,520 रुपये होता, 2025-26 साठी तो 3,749 आहे. आकडा वाढला, हे खरं. पण कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल ज्वारी झाली तर हातात पंधरा हजारही येत नाहीत, तेही कुणी त्या भावानं घेतली तर. आणि घेणारा वेळेवर असतोच कुठे? खरेदी केंद्र उघडेपर्यंत लहान शेतकऱ्याचं धान्य विकून झालेलं असतं. त्याला पेव नाही. सोसायटीचा हप्ता मार्चअखेर असतो, आणि मार्चमध्येच सगळ्यांची ज्वारी एकदम बाजारात येते.

आता आमचं रान चुलतभाऊ बघतो. त्याच्याकडे बैल नाहीत. पेरणीला ट्रॅक्टर भाड्यानं, डिझेलच्या भावानं. उपटायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी रोख आणि आगाऊ. म्हणजे दाणा घरात येण्याआधीच सगळा खर्च होऊन गेलेला असतो, आणि धोका वाटून घ्यायला कुणी उरलेलं नसतं. रास बुडाली तरी ट्रॅक्टरवाल्याचं भाडं बुडत नाही. ते योग्यच आहे, त्यालाही कर्ज आहे. पण सगळं ओझं एका माणसाच्या डोक्यावर आलं, ते असं.

विमा आहे ना, असं शहरातली मंडळी म्हणतात. आहे. 2016 पासूनच्या योजनेत रब्बी धान्याला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दीड टक्का. पण भरपाई प्रामुख्यानं मंडळातल्या सरासरी उत्पन्नावर बघतात. गारपीट झाली तर 72 तासांत कळवावं लागायचं. आणि फाल्गुनात अवकाळी पाऊस होऊन तयार कणसं भिजली, दाणा काळा पडला, तर वजन भरतं पण भाव कोसळतो. भावाच्या त्या घसरणीला या विम्यात जागा नाही. पडलेल्या भावाचा विमा पूर्वी पेव होतं.

तरी कडबा आहे म्हणून ज्वारी टिकली, हे आमच्याकडे सगळे मान्य करतात. दुभती जनावरं ठेवणारा शेकडा पेंढ्यांचा भाव देतो, आणि काही वर्षी कडब्यानंच खर्च भागतो, दाणा नुसता घरात खायला राहतो. पण कडब्यापुरती ज्वारी किती लावणार? 1960-61 च्या सुमाराला महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून जास्त रान ज्वारीखाली होतं. आता ते वीस लाखांच्या खाली आलं आहे. खरिपात सोयाबीन घुसलं, पाणी आलं तिथे ऊस. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाले आणि खेड्यातल्या ताटातूनही भाकरी सरकली. ज्यांनी ज्वारी सोडली त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्यातल्याच अर्ध्यांनी रान सोडून पुण्या-मुंबईत पगार धरला.

2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. शहरातल्या हॉटेलात भाकरीला चपातीपेक्षा जास्त पैसे पडू लागले. याचा आनंद आहेच. पण त्या ताटातला किती वाटा खळ्यापर्यंत पोचतो, हे चुलतभावाच्या पट्टीवर बघितलं की कळतं. भाकरीचा भाव वाढला तेव्हा त्याची ज्वारी विकून महिने झाले होते.

त्याला थांबता येईल, अशी सोय व्हायला हवी. गावातच गोदाम, ठेवलेल्या धान्यावर कमी व्याजानं उचल, आणि सुगीच्या तोंडावर, म्हणजे माघ संपण्याआधी, उघडलेलं खरेदी केंद्र. यातलं काहीच नवं नाही. गोदामाच्या पावतीवर तारणकर्ज देण्याच्या योजना कागदावर आहेत. त्या लहान शेतकऱ्याच्या पाच-दहा पोत्यांपर्यंत पोचायला हव्यात.

आणि तुमच्या-आमच्या हातातलंही एक काम आहे. आपल्यातले जे शहरात आहेत, ज्यांचं पोट या रानानं एकेकाळी भरलं, त्यांनी वर्षाची ज्वारी महिन्याच्या किराण्यात पाच-पाच किलोंनी घेऊ नये. संक्रांत झाली की गावाकडे फोन करावा, भावाला, मेहुण्याला, जुन्या शेजाऱ्याला. दोन पोती सांगून ठेवावीत, निम्मे पैसे आधी पाठवावेत आणि हमीभावाच्या खाली बोलू नये.