फीत आणि राखीव बियाणे

आमचे गुणपत्रक असो वा वडिलांचा सातबारा, आज सारे संगणकात असते; म्हणून ते पुसले गेल्यास काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. २०११ च्या फेब्रुवारीत आज्ञावलीतील एका दोषामुळे जीमेलच्या हजारो ग्राहकांची पत्रे अनेक प्रतींसह नाहीशी झाली. ती परत मिळाली चुंबकीय फितीवरून. कारण यंत्राबाहेर काढून ठेविलेल्या फितीस यंत्रातील दोष शिवत नाही.

एलटीओ-९ जातीच्या तळहाताएवढ्या डबीत एक किलोमीटरहून लांब फीत असून तिच्या चुंबकीय लेपावर १८ टेराबाइट मजकूर मावतो. मात्र धूळ व उष्णता तिला सोसवत नाही. दीर्घकाळ जपावयाची तर ती १६ ते २५ अंशांत ठेवावी. दारव्ह्याचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो! वाचनयंत्राने सूचना देताच त्यात सफाईची फीत फिरवावी.

तथापि मुख्य निगा निराळीच. आमच्याकडील शेतकरी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात, हे पेरणीपूर्वी पाहतो. फीतही तशीच अधूनमधून वाचून पाहावी. न तपासलेले बी आणि न वाचलेली प्रत, या दोहोंवर भिस्त ठेवणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.